सर्पगंधेपासून फ्लुओक्सेटीनपर्यंत

कल्याणपुढील विठ्ठलवाडीसारख्या वस्त्यांमधील मानसोपचारांचा इतिहास ठाण्याच्या मनोरुग्णालयापासून वेगळा काढता येत नाही. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेत आरंभीची कित्येक दशके उपचारापेक्षा बंदोबस्तालाच अधिक महत्त्व होते, कारण खचलेल्या मनाला उभारी देणारे खात्रीचे औषध तेव्हा जगात कोठेच नव्हते.

अशा औषधांकडे नेणारी एक वाट मुंबईतून गेली, याची दखल मराठीत फारशी घेतली जात नाही. वैद्यांना पूर्वापार ठाऊक असलेल्या सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मधील निबंधात मांडले आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल उदासीनता ग्रासत असे. १९५५ मध्ये अमेरिकी संशोधकांना त्याने प्राण्यांच्या शरीरातील सेरोटोनिनचा, म्हणजे चेतापेशींमध्ये संदेश वाहणाऱ्या एका रसायनाचा, साठा रिता होतो असे आढळले, तेव्हा या दोहोंचा संबंध असावा ही शंका बळावली. त्याच दशकात इप्रोनियाझिड या क्षयावरील औषधाने रुग्ण उल्हसित झालेले दिसले. ते सेरोटोनिनचे विघटन करणाऱ्या विकराला रोखते.

१९८७ च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळालेल्या फ्लुओक्सेटीनची रीत निराळी आहे. संदेश पोचल्यावर सेरोटोनिन मूळ पेशीत परत ओढले जाते. हे औषध ते ओढून नेणाऱ्या प्रथिनालाच अडवते, त्यामुळे दोन पेशींमधील फटीत ते अधिक काळ टिकते. हा बदल काही तासांत घडतो, गुण येण्यास मात्र बहुधा दोन ते चार आठवडे लागतात, आणि म्हणूनच नैराश्य म्हणजे निव्वळ सेरोटोनिनची उणीव हे लोकप्रिय समीकरण टिकत नाही. नैराश्याखेरीज भीतीचे झटके, सततची चिंता आणि मंत्रचळ, म्हणजे हात स्वच्छ असूनही ते पुनःपुन्हा धुतल्याशिवाय चैन न पडणे, यांवरही फ्लुओक्सेटीनसारखी औषधे दिली जातात.

१९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधी द्रव्याला नव्हे, तर केवळ त्याच्या निर्मितिप्रक्रियेला संरक्षण दिल्यामुळे देशी कंपन्यांना ही औषधे स्वतःच्या पद्धतीने व स्वस्तात बनवता आली. त्यामुळे अनेक रुग्णांना आज घरी राहून, नोकरी सांभाळून उपचार घेता येतात. मात्र पहिल्या आठवड्यात गुण नाही म्हणून, किंवा बरे वाटू लागले म्हणून, डॉक्टरांना न विचारता गोळ्या एकाएकी बंद केल्यास चक्कर, अस्वस्थता व निद्रानाश उद्भवू शकतो.