२८० च्या पाटीमागचं इंजिन

निस्सान स्कायलाइन जीटी-आरचं बॉनेट उघडलं, की टर्बोच्या बूस्टवर ताबा ठेवणाऱ्या सोलेनॉइडकडे जाणारी एक बारीक रबरी नळी दिसते. या नळीच्या आत कारखान्यानं एक छोटंसं बूच बसवलेलं असे, मधोमध बारीक भोक असलेलं. पक्कडीनं ते ओढून काढायचं आणि नळी परत जागेवर बसवायची. काम पाच-दहा मिनिटांचं, खर्च काहीच नाही. तेवढ्यानं पाऊण बारच्या आसपास असलेला टर्बोचा दाब एक बारच्या उंबरठ्यावर येई आणि गाडीचा पिकअप बदलल्याचं ड्रायव्हरला पहिल्याच रस्त्यावर कळे. जपानमधल्या ट्यूनरांच्या धंद्यातली ही सर्वात स्वस्त ताकदवाढ.

स्वतःच्याच इंजिनाच्या नळीत बूच घालायची वेळ निस्सानवर का आली, याचं उत्तर एका आकड्यात आहे : २८०.

१९८८ साली जपानमध्ये रस्ते अपघातांतल्या बळींचा वार्षिक आकडा पुन्हा १० हजारांच्या वर गेला. त्याच काळात गाड्यांच्या जाहिराती मात्र अश्वशक्तीच्या चढाओढीनं भरलेल्या होत्या. परिवहन मंत्रालयाचा डोळा वटारलेला पाहून कंपन्यांनी आपसातच समझोता केला. देशात विकायच्या कुठल्याही गाडीची ताकद २८० पीएसच्या, म्हणजे २८० अश्वशक्तीच्या, वर दाखवायची नाही. १९८९ मध्ये आलेल्या नव्या फेअरलेडी झेडनं हा आकडा गाठला होता, तीच शिवेची रेघ ठरली. ताशी १८० किलोमीटरला इंजिनाचा गळा धरणारा वेगमर्यादक आधीपासून होताच. कायदा नाही, दंड नाही, तरी समझोता पंधरा वर्षं टिकला.

त्यातून जी गंमत झाली ती पाहण्यासारखी आहे. निस्सानची २.६ लिटरची जीटी-आर २८० ची. टोयोटाची ३ लिटर, दोन टर्बोंची सुप्रा २८० ची. टर्बो नसलेली होंडा एनएसएक्सही २८० ची. १९९६ पासून मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन आणि सुबारू इम्प्रेझाची एसटीआय या दोन लिटरच्या गाड्याही २८० च्याच. बिचाऱ्या सुप्राचं तर असं झालं, की परदेशी जाणाऱ्या गाडीच्या माहितीपत्रकात तीनशेच्या पुढचा आकडा छापला जाई आणि घरच्या गिऱ्हाइकासाठी २८० चा. जीटी-आरच्या नंतरच्या आवृत्त्या तर कोऱ्या असतानाही डायनो या ताकद मोजणाऱ्या यंत्रावर चढवल्या की ३०० च्या पुढचे आकडे दाखवत. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि सगळे २८० च म्हणत होते.

टर्बो जपाननं शोधलेला नाही. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकानं हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबायची, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानं १९०५ मध्ये पेटंट केली. मोटारींत ती रुळायला अर्धं शतक गेलं. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आली. तिच्या इंजिनानं दाबाखाली ठोके देऊ नयेत म्हणून पाणी आणि मिथेनॉलच्या मिश्रणाची वेगळी टाकी होती, आणि मालक ती भरायलाच विसरत. पुढं १९७३ ला बीएमडब्ल्यू २००२ टर्बो आणि पाठोपाठ पोर्शे ९११ टर्बो आल्या. या गाड्यांत टर्बो जागा व्हायला वेळ लागे आणि जागा झाला की एकदम उसळे. वळणावर हे घडलं, तर गाडी मागून फिरलीच समजा.

जपानमध्ये टर्बोला खरी वाट मोकळी करून दिली ती करआकारणीनं. दोन लिटरपर्यंतच्या गाड्या छोट्या गटात मोडत. त्याच्यावर गेलं की वार्षिक कर एकदम उडी मारी. साहजिकच इंजिन दोन लिटरचं ठेवून त्यातून जास्त काम काढणं हा शहाणपणाचा मार्ग ठरला. १९७९ मध्ये निस्साननं सेड्रिक आणि ग्लोरिया या शांत, साहेबी गाड्यांत देशातला पहिला टर्बो दिला. ताकद १४५ पीएस. वेगाचं नाव काढलं तर सरकार भुवया उंचावेल म्हणून टर्बोची भलामण इंधनबचतीच्या नावानं केली गेली. १९८९ च्या करसुधारणेनं दोन लिटरची ही भिंत बरीच खाली आली. त्याच वर्षी २.६ लिटरचं इंजिन घेऊन जीटी-आर बाजारात उतरली.

पण कारखान्यांच्या आधी गॅरेजवाले पुढं गेले होते. यामाहातून बाहेर पडलेले अभियंते हिरोयुकी हासेगावा यांनी १९७३ मध्ये फुजी डोंगराच्या पायथ्याशी, दुधाच्या व्यवसायासाठी वापरल्या जाणाऱ्या एका शेडमध्ये इंजिनांचं काम सुरू केलं. सोबत गोइची किटागावा, आणि भांडवल सिग्मा ऑटोमोटिव्हचं. हासेगावा, किटागावा, सिग्मा : या तिघांची आद्याक्षरं म्हणजे एचकेएस. पुढच्याच वर्षी त्यांनी प्रवासी गाडीला बाहेरून लावता येईल असा टर्बो संच विकायला काढला. म्हणजे जपानी गिऱ्हाइकाला टर्बो आधी गॅरेजात मिळाला, शोरूममध्ये पाच वर्षांनी.

१९८१ मध्ये दाइजिरो इनादा यांचं ‘ऑप्शन’ मासिक निघालं आणि या विखुरलेल्या धंद्याला व्यासपीठ मिळालं. इबाराकी प्रांतात याताबे इथं मोटार संशोधन संस्थेचा उंच कडांचा लंबगोल ट्रॅक होता. तिथं वेगवेगळ्या गॅरेजांच्या गाड्या आणून कमाल वेग मोजायचा आणि आकडे छापायचे, हा मासिकाचा आवडता उद्योग. १९८३ मध्ये एचकेएसच्या सेलिका एक्सएक्सनं तिथं ताशी ३०० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. त्याच वर्षी इनादांच्या पुढाकारानं टोकियोत अशा गाड्यांचं प्रदर्शन भरलं. आज ‘टोकियो ऑटो सलॉन’ म्हणून जगभरचे लोक ज्याला गर्दी करतात, ते हेच.

कायदा मात्र बराच काळ या मंडळींकडे वाकड्या नजरेनं पाहत होता. जपानमध्ये ‘शाकेन’ नावाची ठरावीक वर्षांनी होणारी तपासणी असते. ती आपल्या आरटीओ पासिंगपेक्षा पुष्कळ काटेकोर. बदललेला सायलेन्सर किंवा खाली उतरवलेली गाडी घेऊन तिथं गेलं, की परत पाठवणी ठरलेली. १९९५ मध्ये नियम सैल झाले, बरेचसे सुटे भाग वेगळी परवानगी न घेता बसवता येऊ लागले आणि ट्यूनर उघडपणे पाट्या लावून धंदा करू लागले.

या सगळ्या धंद्याला जीटी-आरएवढी फळलेली गाडी दुसरी नाही. त्याचं कारण शर्यतीच्या नियमपुस्तकात आहे. ‘ग्रुप ए’ शर्यतींत टर्बो इंजिनाची क्षमता १.७ नं गुणून धरली जाई. निस्सानला साडेचार लिटरच्या गटात बसायचं होतं, म्हणून इंजिन २५६८ सीसीचं केलं. गुणाकार ४३६६ वर थांबला. नागानोरी इतो यांच्या हाताखालच्या चमूनं हे सहा सिलिंडरचं आरबी२६ इंजिन शर्यतीत पाचशेच्या वर ताकद झेलेल अशा बेतानं रचलं होतं. जाडजूड बिडाचा ब्लॉक, प्रत्येक सिलिंडरला वेगळा थ्रॉटल, दोन टर्बो. १९९० ते १९९३ या काळात जपानच्या टूरिंग कार स्पर्धेतल्या २९ पैकी २९ शर्यती या गाडीनं जिंकल्या. १९९१ आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात बाथर्स्टची शर्यतही मारली. शर्यतीसाठी बांधलेलं हे हाड रस्त्यावरच्या गाडीत २८० ची पाटी लावून विकलं जात होतं. ट्यूनरांचं काम म्हणजे आधी फक्त दार उघडणं.

दाराच्या आत मात्र पायऱ्या होत्या, आणि प्रत्येक पायरीची किंमत वेगळी. नळीतलं बूच काढलं, सायलेन्सर मोकळा केला, कॉम्प्युटरची चिप बदलली, की साडेतीनशेच्या आसपास पोचता येई. पुढं जायचं म्हणजे मूळ टर्बोंशी गाठ. त्यांचं धुराकडचं चाक सिरॅमिकचं होतं. पोलादापेक्षा हलकं, त्यामुळे लवकर फिरायला लागणारं. पण एक बारच्या फार वर दाब नेला, तर दांड्यापासून सुटून तुकडे होणारं. ते तुकडे बहुतेक वेळा एक्झॉस्टमध्ये जात. नशीब फुटकं असेल तर उलटे सिलिंडरमध्ये शिरत, आणि मग इंजिन उतरवण्यावाचून गत्यंतर नसे. निस्सानलाही हे माहीत होतं. १९९० मध्ये शर्यतीच्या मान्यतेसाठी निस्मो या आपल्या ट्यूनिंग शाखेच्या नावानं काढलेल्या ५६० गाड्यांत तिनं स्वतःच पोलादी चाकं घातली.

टर्बो बदलले, की इंजेक्टर आणि पेट्रोल पंप अपुरे पडत. ते मोठे केले, की आत येणारी हवा मोजणारे दोन मीटर मापाच्या बाहेर जात. तेही बदलले आणि ताकद पाचशेकडे सरकली, की पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडची काळजी सुरू. क्लच तर त्याच्या आधीच घसरायला लागलेला. सगळ्यात कपटी दुखणं तेलाचं. सुरुवातीच्या क्रँकशाफ्टवर ऑइल पंप फिरवणारी कडा अरुंद होती. इंजिन पुन्हा पुन्हा लाल रेघेला टेकवलं, की पंपाचा गियर तडकायचा. शिवाय जोरात पळताना तेल वर सिलिंडर हेडमध्येच साचून राही, खाली संपमध्ये वेळेवर परतत नसे. बेअरिंग कोरडं पडलं, की काही सेकंदांत खेळ आटोपला. म्हणून जाणता मेकॅनिक गिऱ्हाइकाला किती अश्वशक्ती हवी हे नंतर विचारी. गाडी ट्रॅकवर नेणार की नुसती रात्रीच्या एक्सप्रेसवेवर, हे आधी.

इथंच धंद्यात दोन वाटा फुटल्या. एक वाट आकड्यांची. दोन्ही टर्बो काढून एकच भलामोठा टर्बो चढवायचा, सहाशे, आठशे, हजारापर्यंत जायचं. टोकियोच्या वांगान महामार्गावरच्या बेकायदा रात्रींना आणि ड्रॅग शर्यतींना हाच मार्ग मानवे. अडचण ही, की मोठं चाक फिरायला धूरही भरपूर लागतो. खालच्या फेऱ्यांत पायाखाली काहीच नसतं. दुसरी वाट योकोसुकाच्या माइन्ससारख्या गॅरेजांची. मिचिझो नीकुरा यांनी १९८५ मध्ये ते सुरू केलं आणि कॉम्प्युटरच्या रॉमवर नाव कमावलं. टर्बो आटोपशीर, फिरणारे भाग हलके आणि तोललेले, आणि सगळं लक्ष पाय दाबताच मिळणाऱ्या प्रतिसादावर. काळाचा कौल दुसऱ्या वाटेला पडला असं म्हणायला हरकत नाही. एचकेएसनंही पुढं जीटी-एसएससारखे छोटे, लवकर जागे होणारे जुळे टर्बो काढले. पिस्टनचा फेरा ७३.७ वरून ७७.७ मिलिमीटर आणि सिलिंडर ८७ मिलिमीटरचा करून इंजिन २७७१ सीसीचं करणारा त्यांचा संचही गाजला. क्षमता वाढली की टर्बो न फुगवता खालची ओढ सुधारते. शहरात आणि घाटात गाडी चालवणाऱ्याला डायनोच्या कागदावरच्या शिखरापेक्षा ही ओढच उपयोगी पडते. तरी मासिकांच्या मुखपृष्ठावर शिखरच छापलं जाई, कारण खप त्याचा.

निस्साननंही शेवटी हाच हिशेब केला. १९९६ मध्ये तिच्या निस्मो शाखेनं ४००आर काढली. इंजिन २७७१ सीसी, ताकद ४०० पीएस. शंभर गाड्यांचा बेत होता, बनल्या ४४. ट्यूनिंग शाखेच्या मर्यादित गाडीला समझोता लागू होतो का, हा प्रश्न सगळ्यांनी सोयीनं सोडून दिला. २००४ मध्ये मोटार उत्पादक संघानं समझोता अधिकृतपणे गुंडाळला. त्याच वर्षी ३०० पीएसची पहिली गाडी आली, तीही कुठली स्पोर्ट्‌स कार नव्हे, तर होंडाची लीजंड ही प्रौढ सेडान. जीटी-आरची जुनी पिढी तोवर बंद झालेली होती. तिच्या शेवटच्या गाड्या परत आणून निस्मोनं २००५ मध्ये ५०० पीएसच्या मोजक्या झेड-ट्यून बांधल्या.

त्यानंतर वारं उलटं फिरलं. अमेरिकेत पंचवीस वर्षं पूर्ण झालेली परदेशी गाडी आयात करायला आडकाठी राहत नाही. २०१४ मध्ये पहिल्या जीटी-आर त्या वयाच्या झाल्या आणि जपानमधला माल अमेरिकेकडे निघाला. भाव चढले. २०१७ च्या अखेरीस निस्साननं जुन्या जीटी-आरचे उत्पादन बंद झालेले सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. आता संग्राहक जास्त पैसे मोजतो ते कुणाचा हात न लागलेल्या इंजिनाला. त्यामुळे आज एखाद्या मालकाला ताकद वाढवायची असली, तर तो ट्यूनरला आधी विचारतो, की हे सगळं पुन्हा मूळपदावर आणता येईल ना. आणि काढलेले सिरॅमिकचे टर्बो भंगारात न देता कागदात गुंडाळून नीट ठेवून देतो, कारण गाडी विकताना भाव त्यांच्यामुळे वाढतो.