खोडलेल्या शब्दांतून उगवलेली चित्रं: रवींद्रनाथ टागोर चित्रकार कसे झाले?

चित्र पूर्ण होतं. मोबाईलवर फोटो काढला जातो. पोस्ट करण्याआधी जरा झूम करून बघितलं, तर चेहऱ्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसतो. फोटो डिलीट. वही कपाटात जाते आणि रंगांच्या ट्यूब हळूहळू सुकायला लागतात.

हौसेनं चित्रं काढणाऱ्या कितीतरी जणांची गाडी याच स्टेशनवर थांबते. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, 'मला चित्रकला येत नाही.'

महाराष्ट्रात वाढलेल्यांना 'येणं' म्हणजे काय हे शाळेतच कळलेलं असतं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेला वस्तुचित्रासाठी समोर भांडी मांडलेली असतात. तांब्याच्या दोन्ही बाजू सारख्या आल्या पाहिजेत, सावली योग्य बाजूला पडली पाहिजे. परीक्षेला असा काहीतरी निकष लागणारच, त्यात चूक काही नाही. पण परीक्षा संपली तरी तो परीक्षक डोक्यातून जात नाही, ही खरी पंचाईत आहे.

अपूर्णतेतल्या सौंदर्याचा विषय निघाला की सोशल मीडियावर लगेच जपानच्या किंत्सुगीचे फोटो फिरायला लागतात. फुटलेलं भांडं लॅकरनं जोडायचं आणि सांधा सोन्यानं सजवायचा, ही ती कला. सुंदरच आहे. पण किंत्सुगीचा कारागीर मुरलेला असतो, वर्षानुवर्षं शिकलेला असतो. काहीही न शिकता, हात वळत नसताना, चुकत-माकत चित्रं काढणाऱ्या माणसाचं उदाहरण हवं असेल, तर ते शांतिनिकेतनमध्ये सापडतं.

पेन्सिलीपेक्षा खोडरबर जास्त झिजला

रवींद्रनाथ टागोरांचं घराणं चित्रकारांचं. त्यांचे पुतणे अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ हे आधुनिक भारतीय चित्रकलेतले मोठे चित्रकार. 1919 मध्ये टागोरांनी शांतिनिकेतनात कलाभवन सुरू केलं आणि पुढे ते नंदलाल बोस यांनी घडवलं. आजूबाजूला असे हात चालत असताना स्वतः टागोरांना मात्र चित्र जमत नव्हतं.

त्यांनी प्रयत्न केला नव्हता असं नाही. 1900 मध्ये, वयाच्या 39 व्या वर्षी, त्यांनी शास्त्रज्ञ मित्र जगदीशचंद्र बोस यांना एक पत्र लिहिलं. आपण चित्रांची वही घेऊन बसलो आहोत, ही चित्रं काही पॅरिसच्या प्रदर्शनासाठी नाहीत, आणि पेन्सिलीपेक्षा खोडरबरच जास्त चालतोय, असा त्या पत्राचा सूर होता. रफाएलनं निश्चिंत राहावं, त्याच्या कीर्तीला आपल्यामुळे धोका नाही, अशी कोपरखळीही होती. आईचा जसा कुरूप लेकरावर जास्त जीव असतो, तशी न जमणाऱ्या विद्येची आपल्याला ओढ वाटते, असंही त्यांनी त्यात लिहिलं होतं.

ती ओढ पुढची वीसेक वर्षं दबूनच राहिली.

मग 1924 मध्ये काय झालं?

पेरूला जायला निघालेले टागोर वाटेत आजारी पडले आणि अर्जेंटिनात थांबले. ब्युनोस आयर्सजवळच्या सान इसिद्रोमध्ये लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांनी त्यांच्या राहण्याची सोय केली. तिथे ते 'पूरबी' या संग्रहातल्या कविता लिहीत होते. नोबेल मिळून 11 वर्षं झाली होती, तरी त्यांच्या कवितेत खाडाखोड भरपूर असायची.

पेन्सिल खोडता येते, शाई खोडता येत नाही. शब्द नको असेल तर त्यावर रेघ मारावी लागते. ओळ नको असेल तर ती गिरवून काळी करावी लागते. पानावर असे पाच-सहा काळे डाग पडले की कविता नीट असली तरी पान विद्रूप दिसतं.

टागोरांना ते बघवेना. हे डाग जणू सुटकेसाठी हाका मारत आहेत असं वाटायचं, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. मग ते एका डागातून रेघ काढून दुसऱ्या डागाला जोडायचे. मधली जागा भरायचे. डागाला चोच फुटायची, शेपूट यायची, कधी कुणाचा तरी चेहरा उमटायचा. कवितेचे राहिलेले शब्द त्या प्राण्याच्या पोटाशी किंवा पंखाखाली तरंगत राहायचे.

इथे क्षणभर थांबायला हवं, कारण 'चुकांमध्ये सौंदर्य असतं' या वाक्याचा बहुतेक वेळा सोयीचा अर्थ काढला जातो. टागोरांनी चूक लपवली नाही, पण ती आहे तशीच ठेवून तिचं कौतुकही केलं नाही. खोडलेल्या ओळीत मुळात काही सुंदर नव्हतं. ती डोळ्यांना खुपत होती, म्हणून तर हात पुढे सरकला. पान फाडून नवीन घेतलं असतं तर स्वच्छ कविता मिळाली असती, पक्षी मिळाला नसता.

दुसरी गोष्ट अशी की या पद्धतीत 'काय काढायचं' हे आधी ठरलेलं नसतं. हौशी माणसाची निम्मी निराशा तिथूनच येते. मनात एक चित्र असतं, हात दुसरंच काढतो आणि मग या दोन्हींची तुलना सुरू होते. डागापासून सुरुवात करणाऱ्याकडे तुलनेसाठी काही नसतंच.

वहीच्या समासातून पॅरिसला

1928 च्या सुमारास चित्रं कवितेपासून सुटी झाली. टागोर कोऱ्या कागदावर काढू लागले आणि मग थांबलेच नाहीत. 1941 मध्ये निधन होईपर्यंत त्यांची दोन हजारांहून अधिक चित्रं झाली. साधनं हाताशी येतील ती: रंगीत शाई, पेन, कापडाचे बोळे, स्वतःची बोटं. बहुतेक चित्रांना त्यांनी नावं दिली नाहीत. कुठल्याच प्राणिशास्त्राच्या पुस्तकात न सापडणारे प्राणी, लांबुळक्या चेहऱ्याच्या गप्प बायका, काळ्या झाडांमागे पेटलेलं पिवळं आकाश. शरीराची प्रमाणं चुकलेली. तांबडा आणि हिरवा रंग वेगळा ओळखण्यात त्यांना अडचण असावी, असं काही अभ्यासकांचं मत आहे.

मे 1930 मध्ये ओकाम्पो यांच्या खटपटीमुळे या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं. कुठे? पॅरिसमध्ये, पिगाल गॅलरीत. तीस वर्षांपूर्वीच्या पत्रातली थट्टा अशी उलटली. त्याच वर्षी चित्रं लंडन, बर्लिन, मॉस्को, न्यूयॉर्क अशी फिरली. बॉस्टनच्या प्रदर्शनाच्या निमित्तानं कलासमीक्षक आनंद कुमारस्वामी यांनी या चित्रांना बालसुलभ म्हटलं आणि ती पोरकट मात्र नाहीत, हेही बजावलं. भारतात प्रतिसाद बराच सावध होता. कवी मोठा आहे, पण हे काय काढलंय, असं अनेकांना वाटलं. आजही ही चित्रं पहिल्यांदा बघणाऱ्याला तसं वाटू शकतं.

बर्लिनच्या नॅशनल गॅलरीकडे टागोरांची पाच चित्रं राहिली होती. 1937 मध्ये नाझींनी 'अधःपतित' कलेविरुद्ध मोहीम काढली, तेव्हा तीही संग्रहालयातून बाहेर काढली गेली. निर्दोष, सुबक, प्रमाणबद्ध शरीरांचीच चित्रं हवीत, असा हट्ट जेव्हा सरकार धरतं तेव्हा काय होतं, त्याचं हे उदाहरण. या मोहिमेत टागोरांच्या जोडीला पॉल क्ले आणि कांडिन्स्कीसारखे चित्रकार होते.

कोऱ्या कॅनव्हासची भीती

टागोरांना सुरुवातीला डागाचा आधार तरी होता. पांढराशुभ्र कॅनव्हास समोर असताना काय करायचं? याचं एक उत्तर विन्स्टन चर्चिल यांच्या आठवणीत मिळतं. चर्चिल यांच्याबद्दल भारतीयांनी, त्यातही बंगालनं, प्रेमानं बोलावं असं फारसं काही नाही. पण किस्सा खरा आहे आणि कामाचा आहे.

1915 मध्ये डार्डानेल्सच्या मोहिमेतल्या अपयशामुळे नौदलमंत्रिपद गेलं, तेव्हा 40 वर्षांचे चर्चिल पहिल्यांदा ऑइल पेंटिंग करायला बसले. बराच वेळ घालवून त्यांनी बारीकशा ब्रशनं वाटाण्याएवढा निळा ठिपका काढला आणि पुढे हात धजेना. तेवढ्यात शेजारच्या हेझल लेव्हरी तिथे आल्या. त्या चित्रकार जॉन लेव्हरी यांच्या पत्नी आणि स्वतःही चित्रं काढणाऱ्या. त्यांनी मोठा ब्रश मागितला, रंगात बुडवला आणि कॅनव्हासवर सपासप फटकारे ओढले. कॅनव्हासनं काहीच प्रतिकार केला नाही, त्यानंतर आपली भीती गेली, असं चर्चिल यांनी लिहिलं आहे. पुढे त्यांनी 500 च्या वर चित्रं काढली.

वॉटरकलर करणारे अनेक जण हेच वेगळ्या तऱ्हेनं करतात. कागद आधी ओला करून त्यावर रंग सोडायचा, तो पसरेल तसा पसरू द्यायचा आणि मग त्यात काय दिसतंय ते बघायचं. पहिला डाग मुद्दामच पाडायचा, म्हणजे कागद 'खराब' होण्याची धास्ती उरत नाही.

ही चित्रं आज कुठे बघता येतात?

1976 मध्ये भारत सरकारनं टागोरांची चित्रं राष्ट्रीय कलाठेवा म्हणून जाहीर केली, त्यामुळे ती देशाबाहेर विकता येत नाहीत. आधीच परदेशात असलेली 12 चित्रं 2010 मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे 16 लाख पौंडांना गेली. सर्वांत मोठा संग्रह शांतिनिकेतनच्या रवींद्र भवनात आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातही बरीच चित्रं आहेत.

आणि प्रवास करायचा नसेल तर जादवपूर विद्यापीठाचा 'बिचित्रा' हा ऑनलाइन संग्रह आहे. त्यात टागोरांच्या हस्तलिखितांची पानं स्कॅन करून ठेवली आहेत. बंगाली वाचता येत नसलं तरी चालतं. पानं उलटत जायचं, खोडलेल्या ओळी शोधायच्या आणि कुठल्या ओळीला चोच फुटली आहे ते बघायचं.