हेडफोन काढल्यावरही लॅपटॉप मुका? दोष स्पीकरचा की चुकलेल्या संदेशाचा

बेंगळुरू : हेडफोनची पिन काढून घेतली तरी लॅपटॉपच्या स्पीकरमधून आवाज येत नाही, हा अनुभव दिवसभर संगणकावर काम करणाऱ्यांना नवा नाही. स्पीकर जळाले असा समज करून घेऊन अनेक जण थेट दुरुस्तीच्या दुकानाची वाट धरतात. प्रत्यक्षात पुष्कळदा स्पीकर शाबूत असतात. पिन निघाल्याचा संदेश संगणकापर्यंत पोहोचलेला नसतो, किंवा पोहोचूनही त्याची दखल घेतली गेलेली नसते. हा फरक घरच्या घरी ओळखता आला, तर अनावश्यक खर्च टळतो.

बेंगळुरूच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावरील इलेक्ट्रॉनिक सिटीत ही अडचण विशेष जाणवावी, असे तेथील कामाचे स्वरूप आहे. केऑनिक्स या कर्नाटक सरकारच्या महामंडळाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या परिसरात ही औद्योगिक वसाहत वसवण्यास प्रारंभ केला. केऑनिक्सचे तत्कालीन प्रमुख आर. के. बाळिगा हे या कल्पनेचे जनक मानले जातात. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९८३ मध्ये बेंगळुरूला स्थलांतरित झालेल्या इन्फोसिसचे मुख्यालय आज येथेच आहे. महाराष्ट्रातून आलेले अनेक अभियंतेही या परिसरात काम करतात. शेजारच्या सहकाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून हेडफोन लावायचे आणि दूरस्थ बैठकीतले बोलणे सर्वांना ऐकू जावे म्हणून पिन काढायची, हा अशा कार्यालयांतला नित्यक्रम असतो. नेमक्या त्याच क्षणी लॅपटॉपने मौन धारण केले, तर बैठक खोळंबते.

पिन आणि जॅक यांचे नाते

हेडफोनच्या पिनचे मूळ एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन केंद्रांत आहे. तेथे दूरध्वनीच्या तारा हाताने जोडण्यासाठी ६.३५ मिलिमीटर जाडीची पिन वापरली जाई. तिची ३.५ मिलिमीटरची लहान आवृत्ती ट्रान्झिस्टर रेडिओबरोबर रूढ झाली आणि १९७९ मध्ये आलेल्या सोनी वॉकमनने ती घरोघरी पोहोचवली.

जुन्या रेडिओत किंवा टेपरेकॉर्डरमध्ये पिन आत शिरली की जॅकमधील धातूची पट्टी उचलली जाई आणि स्पीकरकडे जाणारा विद्युतप्रवाह तेथेच तुटे. पिन काढताच पट्टी पूर्वस्थितीला येई आणि स्पीकर बोलू लागे. आजच्या लॅपटॉपमध्ये ही पट्टी सहसा स्वतः प्रवाह तोडत नाही. पिन आत आहे की बाहेर, एवढीच सूचना ती ध्वनी हाताळणाऱ्या कोडेक नावाच्या चिपला देते. ही सूचना ड्रायव्हर ही आज्ञावली वाचते आणि आवाज कोणत्या मार्गाने पाठवायचा, हे ठरते. त्यामुळे पट्टी, चिप, ड्रायव्हर आणि वापरात असलेले ॲप यांपैकी कोठेही गफलत झाली, तरी परिणाम एकच दिसतो : पिन बाहेर, तरीही स्पीकर मूक.

आधी सोप्या गोष्टी

तपासणीची सुरुवात सर्वांत सोप्या शक्यतेपासून करावी. ब्लूटूथ हेडफोन बॅगेत किंवा खिशात चालू राहिला असेल, तर आवाज तिकडेच जात असतो. ब्लूटूथ क्षणभर बंद करून पाहिल्यास याचा उलगडा होतो.

दुसरी शक्यता आवाजाच्या पातळीची. विंडोज प्रणाली स्पीकर आणि हेडफोन यांची आवाजपातळी स्वतंत्रपणे लक्षात ठेवते. हेडफोन लावण्यापूर्वी स्पीकर ‘म्यूट’ केलेले असतील, तर पिन काढल्यावर ते त्याच स्थितीत परत येतात. म्हणून पिन काढून झाल्यावर आवाजाची पट्टी पुन्हा एकदा तपासावी.

तिसरी शक्यता ॲपची. दूरस्थ बैठकांच्या ॲपमध्ये स्पीकर निवडण्याची स्वतंत्र सोय असते. तेथे हेडफोन निवडलेला राहिला, तर संगणकातील इतर आवाज ऐकू येतात. बैठकीतील मात्र येत नाहीत. ॲपच्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये लॅपटॉपचे स्पीकर निवडल्यास किंवा ॲप बंद करून पुन्हा उघडल्यास हा दोष दूर होऊ शकतो.

यानंतर विंडोजच्या साउंड सेटिंग्जमध्ये जाऊन ‘आउटपुट’ या शीर्षकाखाली कोणते साधन निवडले आहे, ते पाहावे. तेथे हेडफोन दिसत असेल, तर स्पीकर निवडावेत. ॲपलच्या संगणकात सिस्टीम सेटिंग्जमधील ‘साउंड’ विभागात हीच निवड करता येते.

‘रीस्टार्ट’ आणि ‘शट डाउन’ यांतील भेद

संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण त्यात एक मेख आहे. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’ या सुविधेमुळे ‘शट डाउन’ करताना प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते व पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. परिणामी ड्रायव्हर चुकीच्या स्थितीत अडकला असेल, तर संगणक बंद करूनही तो तसाच राहू शकतो. ‘रीस्टार्ट’ केल्यास मात्र सर्व काही नव्याने सुरू होते. म्हणून या दोषासाठी ‘रीस्टार्ट’च करावे.

एवढ्याने भागले नाही, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ध्वनीचे साधन ‘डिसेबल’ करून पुन्हा ‘एनेबल’ करावे. प्रणाली नुकतीच अद्ययावत झाल्यावर दोष उद्भवला असेल, तर आधीच्या ड्रायव्हरकडे परतण्याचा पर्याय तेथेच मिळू शकतो. नवा ड्रायव्हर हवा असल्यास तो लॅपटॉपच्या उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. लिनक्स वापरणाऱ्यांनी ‘अल्सामिक्सर’ उघडून ‘स्पीकर’ या पट्टीखाली ‘म्यूट’ची खूण नाही ना, तसेच ‘ऑटो-म्यूट’ची स्थिती काय आहे, हे पाहावे.

अडकलेल्या पट्टीची ओळख

पिन बाहेर असतानाही संगणक हेडफोन जोडलेला असल्याचे सांगत असेल, तर संशय जॅककडे वळतो. खात्री करण्यासाठी यूएसबीवरून लिनक्ससारखी दुसरी प्रणाली तात्पुरती सुरू करून पाहता येते. तेथेही हेडफोन जोडलेलाच दिसला, तर दोष आज्ञावलीत असण्याची शक्यता कमी आणि जॅकमध्ये असण्याची अधिक. ॲपलच्या काही जुन्या मॅकबुकमध्ये हेच वेगळ्या रूपाने कळते. त्यांच्या जॅकमध्ये प्रकाशाद्वारे ध्वनी पाठवण्याची सोय होती. आतली कळ अडकली की जॅकमधून लाल प्रकाश दिसतो आणि स्पीकर बंद राहतात.

अडकलेली पट्टी सोडवण्यासाठी हेडफोनची पिन हलक्या हाताने आठ-दहा वेळा आत-बाहेर करावी. खिशातील कापसाचे तंतू आणि धूळही जॅकमध्ये साचतात. संगणक पूर्ण बंद करून, चार्जर काढून, दाबाखालील हवेच्या डब्याने किंवा बारीक, कोरड्या आणि मऊ ब्रशने ती काढावी. सुई, टाचणी किंवा केसांची पिन आत घालू नये. नाजूक पट्टी वाकली, तर तात्पुरता दोष कायमचा होतो. पाणी किंवा तेलही वापरू नये. पिनचे टोक तुटून आत राहिले असेल, तर ते स्वतः उकरण्याऐवजी कारागिराकडे द्यावे.

कोठे थांबावे

कार्यालयाने दिलेला लॅपटॉप ही संस्थेची मालमत्ता असते. त्यात ड्रायव्हर बदलण्याचे अधिकार बहुधा माहिती-तंत्रज्ञान विभागाकडेच असतात आणि तो खोलून पाहणे नियमभंग ठरू शकते. अशा वेळी कोणत्या पायऱ्या तपासल्या, हे तक्रारीत नोंदवल्यास निदान लवकर होते. तोवर यूएसबीला जोडायचे लहान साउंड अडॅप्टर किंवा ब्लूटूथ स्पीकर यांवर काम भागवता येते, कारण त्यांचा मार्ग जॅकवर अवलंबून नसतो.

स्वतःचा लॅपटॉप दुरुस्तीस देताना, मग ते दुकान बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर असो, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो वा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये, एक प्रश्न आवर्जून विचारावा : जॅक मदरबोर्डवरच बसवलेला आहे की वेगळ्या लहान बोर्डावर? अनेक मॉडेलमध्ये तो लहान बोर्डावर असतो आणि तेवढाच बदलता येतो. मदरबोर्डवर असला, तरी कुशल कारागीर जुना जॅक काढून नवा झाळू शकतो. ‘मदरबोर्ड गेला’ असे सांगून मोठी रक्कम मागितली जात असेल, तर लेखी अंदाजपत्रक घ्यावे आणि दुसरे मत घ्यावे. लॅपटॉप देण्यापूर्वी माहितीची प्रत काढून ठेवावी. बदललेला जुना भाग परत मागावा.

दुरुस्तीच्या हक्काचा विचार आता सरकारी पातळीवरही होत आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासंबंधी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुरुस्तीविषयक माहितीचे संकेतस्थळ सुरू केले. सेवेबाबत तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर ती नोंदवता येते.

एका अडकलेल्या पट्टीपायी चांगला लॅपटॉप अडगळीत जाणे, हे घराच्या खर्चाला आणि वाढत्या ई-कचऱ्याला सारखेच भारी पडते. ब्लूटूथ, आवाजपातळी, ॲप, ड्रायव्हर आणि शेवटी जॅक या क्रमाने तपासणी केली, तर दोष नेमका कोठे आहे हे कारागिराकडे जाण्यापूर्वीच बव्हंशी कळते.