शानिदरची पुष्पशय्या

पोथींत एखादा श्लोक सांपडला म्हणजे तो ग्रंथकाराचाच, असें आपण मानीत नाहीं. तो मूळचा कीं प्रक्षिप्त, हें आधीं पाहतों. हाच विवेक मातींतील पुराव्यासही लावणें अवश्य आहे. शानिदर गुहेचें उदाहरण आम्ही त्याकरितांच येथें घेत आहों.

ही गुहा इराकी कुर्दिस्तानांत, झाग्रोस पर्वतांत आहे. तेथें १९६० सालीं राल्फ सोलेकी यांस निअँडरथल मानवाचा जो सांगाडा मिळाला, तो ‘शानिदर ४’ या नांवानें प्रसिद्ध आहे. त्याच्या भोंवतालची माती आर्लेट लरॉ-गुर्हाँ या फ्रेंच विदुषीनें तपासली. परागकणाचें बाह्य कवच अत्यंत चिवट असून अनुकूल मातींत तें सहस्रावधि वर्षें टिकतें, व त्याच्या आकृतीवरून वनस्पतीचें कुल ओळखतां येतें. कांहीं नमुन्यांत परागांचे पुंजके निघाले. वाऱ्यानें सुटे कण येतात, पुंजके येत नाहींत. सबब शवाबरोबर फुलें ठेविलीं असावींत, असें अनुमान झालें. सोलेकी यांनीं तर १९७१ सालच्या आपल्या ग्रंथाच्या नांवांतच या मानवांस ‘पहिले पुष्पजन’ म्हटलें.

अनुमान मनोहर खरें. परंतु फुलें माणसानेंच आणिलीं, हें त्यानें सिद्ध होत नव्हतें. सांगाड्यालगत उंदरासारख्या प्राण्यांचीं बिळें होतीं, आणि तिकडील जर्ड नांवाचा प्राणी बिळांत फुलें सांठवितो, हें जेफ्री सोमर यांनीं १९९९ सालीं पुढें मांडलें. २०२३ सालीं क्रिस हंट प्रभृतींनीं दाखविलें कीं, एकाच पुंजक्यांत भिन्न वनस्पतींचे पराग मिसळलेले आहेत. अखंड फूल ठेविलें असतें तर पुंजका एकाच जातीचा असता; अशी मिसळ जमिनींत घर करणाऱ्या मधमाशा करितात. समासांतील टीप लेखकूनें संहितेंत घ्यावी, तसाच हा प्रकार होय.

तथापि प्रक्षेप काढल्यानें मूळ ग्रंथ बुडत नाहीं. त्याच सांगाड्यालगत पुढील उत्खननांत मिळालेल्या दुसऱ्या मानवाचे अवशेष २०२० सालीं प्रसिद्ध झाले. तें शव खळग्यांत बुद्धिपुरःसर ठेविलें असावें, असें संशोधकांचें मत आहे. पुष्पें गेलीं, तरी दफनाचा प्रश्न उरतोच.

पुष्पशय्येचा बळकट पुरावा कसा असतो, हें कार्मेल पर्वतांतील राकेफेत गुहेंत दिसतें. तेथील नतूफी लोकांच्या सुमारे १३,७०० ते ११,७०० वर्षांपूर्वींच्या कांहीं थडग्यांस आंतून चिखलाचा लेप होता; त्यावर शवाखालीं दबलेल्या देठांचे व फुलांचे ठसे उमटले आहेत. लेप ओला असतांनाच वनस्पति अंथरल्या, हें त्यांवरून उघड होतें. हा शोध २०१३ सालीं प्रसिद्ध झाला.

सारांश, पराग खोटें बोलत नाहीं. फूल तेथें पोंचलें एवढेंच तो सांगतो. कोणाच्या हातून पोंचलें, हें ठरविण्याचा भार संशोधकावरच राहतो.