एक हजार एक चर्च आणि एक कॅमेरा
काल रात्री गर्ट्रूड बेलचे जुने फोटो बघत बसलो होतो. तुर्कस्तानात करामानच्या उत्तरेला काराडाग नावाचा विझलेला ज्वालामुखी आहे. तिथल्या पडक्या चर्चच्या परिसराला बिनबिरकिलिसे म्हणतात, म्हणजे 'एक हजार एक चर्च'. आकडा अर्थात बोलण्यातला. प्रत्यक्षात असतील पन्नासेक. १९०७ मध्ये बेल आणि विल्यम रॅम्से यांनी ती मोजली, आराखडे काढले. १९०९ ला पुस्तक आलं. पुढे त्यातली बरीच ढासळली. घडीव दगड आयते मिळाले, गावकऱ्यांनी घरांना लावले. त्यांना दोष कसला द्यायचा? डोक्यावर छप्पर आधी, इतिहास नंतर. पण भिंती गेल्या तरी माहिती उरली, ती त्या फोटोंमुळे. पडझड थांबवणं प्रत्येकाच्या हातात नसतं मंडळी; नोंद ठेवणं असतं.