रुग्णालय रिकामे करायची वेळ आली तर

श्रोते हो, शाळेत धोक्याची घंटा झाली की मुले रांगेने मैदानात येतात. नाटकगृहातली मंडळी आपापल्या पायांनी बाहेर पडतात. पण रुग्णालयाचे काय? तेथे एकाच्या नाकात प्राणवायूची नळी असते, दुसऱ्याचा पाय वजनाला टांगलेला असतो, तिसरे चार दिवसांचे बाळ काचेच्या पेटीत निजलेले असते. ‘पळा, पळा’ म्हणून त्यांना काय उपयोग? त्यांना कोणीतरी उचलूनच न्यावे लागते. कोणी कोणाला उचलायचे आणि कोठे न्यायचे, हे त्या घटकेला ठरवू म्हटले तर ते तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे होते.

मुंबईच्या इतिहासात हा धडा जुना आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटीवर आग लागली. बोटीत कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाही होता. दुपारी धूर दिसला आणि चार वाजून गेल्यावर स्फोट झाला. मधल्या काळात अग्निशामक दलाचे जवान पाणी मारत राहिले, पण गोदीतल्या माणसांना दूर हलवण्याचा हुकूम काही सुटला नाही. त्या दिवशी दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. वेळ हाताशी होती. ती कशी वापरायची हे ठरलेले नव्हते.

आता उपनगरांकडे वळू. अंधेरी पूर्वेला मरोळ येथे राज्य कामगार विमा योजनेचे कामगार रुग्णालय आहे. १७ डिसेंबर २०१८ रोजी दुपारी चारच्या सुमारास तेथे आग लागली. ज्वाळा खाली होत्या, पण धूर जिन्यांतून वरच्या मजल्यांवर चढला. माणसे खिडक्यांच्या काचा फोडून श्वासासाठी बाहेर डोकावू लागली. जवानांनी शिड्या लावून शंभराहून अधिक लोकांना खाली आणले. रस्त्याने जाणारा, घरोघरी जेवणाचे डबे पोचवणारा एक तरुणही मदतीला शिडीवर चढला. वाचलेल्यांना कूपर, होली स्पिरिट, जोगेश्वरीचे ट्रॉमा अशा निरनिराळ्या रुग्णालयांत नेण्यात आले. पहिल्याच दिवशी सहा जण दगावले आणि पुढे हा आकडा वाढत गेला. त्यांतल्या बहुतेकांचा घात केला तो धुराने.

घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मधे भांडुप लागते. तेथे एका मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर सनराइज रुग्णालय होते. २५ मार्च २०२१ च्या मध्यरात्रीच्या सुमारास आग लागली ती खाली मॉलमध्ये. धूर मात्र वर रुग्णालयात शिरला. आत ७० हून अधिक रुग्ण होते, बहुतेक कोरोनाचे. कित्येकांना मुलुंडच्या जम्बो कोविड केंद्रात हलवले, परंतु काहींचे प्राण गेलेच.

मग तयारी करायची म्हणजे नेमके काय करायचे? जाणकार सांगतात की रुग्णाला एकदम जिन्याने खाली नेऊ नये. आधी त्याच मजल्यावर, धूर अडवणाऱ्या दरवाजापलीकडच्या दालनात न्यावे. म्हणजे आधी आडवे हलवायचे आणि खरेच गरज पडली तरच खाली उतरवायचे. धोक्याच्या सर्वांत जवळ असेल त्याला आधी काढायचे. खाट दारातून जात नसेल तर गादीसकट ओढत न्यायचे. उद्वाहनाला, म्हणजे आपल्या लिफ्टला, हात लावायचा नाही. प्राणवायू आगीला बळ देतो. तेव्हा जळत्या खोलीचा पुरवठा बंद कोणी करायचा आणि तेथल्या रुग्णाला हाताने श्वास देणारी पिशवी कोणी धरायची, त्यांची नावे पाळीगणिक ठरलेली हवीत. रात्रपाळीची तर आधी, कारण तेव्हा माणसे थोडी असतात. बाहेर आल्यावर नोंदवही घेऊन डोकी मोजायची.

हे पुस्तकी वाटेल. पण २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात काय घडले ते बघा. हे १८८६ साली सुरू झालेले स्त्रियांचे आणि मुलांचे रुग्णालय. अतिरेकी आवारात शिरले, त्यांनी दोन पहारेकऱ्यांना मारले. त्या वेळी परिचारिका अंजली कुलथे यांच्या कक्षात २० गर्भवती होत्या. बाईंनी दारे लावून घेतली, दिवे मालवले आणि सगळ्या जणींना त्याच मजल्यावरच्या टोकाच्या लहानशा खोलीत नेले. त्या विसाच्या वीस वाचल्या. संकट आगीचे नव्हते, तरी रीत तीच होती: दार बंद करा आणि आडवे हला. आपल्या कक्षाची प्रत्येक खोली ठाऊक असलेले माणूस जागेवर होते, म्हणून ते साधले.

हा प्रश्न मुंबईपुरता नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागली. आत १७ बाळे होती. त्यांतली ७ वाचली, १० गेली. त्या दहा घरांत पाळणे रिकामे राहिले.

कायदा आपल्याकडे आहे. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ असे त्याचे नाव. आगीची साधने चालू स्थितीत असल्याचा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा, असे तो सांगतो. पण दाखला काही रुग्णाला उचलत नाही. उचलतात ती सराव केलेली माणसे.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एकदा जाऊन या आणि आदराने तीन गोष्टी विचारा. मागचा दरवाजा कुलूपबंद तर नाही ना? रात्री कोण कोणाला उचलणार? आणि शेवटचा सराव कधी झाला? शाळेची इमारत जवळ असेल, तर वेळप्रसंगी रुग्ण तेथे आणता येतील हेही सांगून ठेवा. आणि श्रोते हो, तुमचे माणूस दवाखान्यात असेल तेव्हा जिन्यात चपला, डबे, वळकट्या ठेवू नका. ती वाट एखाद्या दिवशी दुसऱ्याच्या खांद्यावरून जाणाऱ्या रुग्णाला लागणार आहे.