बुडालेल्या जहाजातला संसार

इतिहास म्हटलं की आपल्याला राजे आणि लढाया आठवतात. आज आम्ही तुम्हाला फण्या, वाडगे आणि औषधाच्या बरण्यांचा इतिहास सांगणार आहोत.

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचं ‘मेरी रोझ’ नावाचं लढाऊ जहाज होतं. १९ जुलै १५४५ रोजी फ्रेंच आरमाराशी लढताना ते पोर्ट्समथ बंदराजवळ बुडालं. शेकडो माणसं गेली. जहाज कुशीवर कलंडून गाळात रुतलं. गाळात हवा पोचत नाही, त्यामुळे तेवढा भाग कुजला नाही. वरचा उघडा भाग मात्र किड्यांनी आणि पाण्याने खाल्ला.

१८३६ मध्ये मच्छीमारांची जाळी तिथे अडकली. मग पाणबुड्यांनी काही तोफा आणि सामान वर काढलं, पण त्यातल्या बऱ्याच वस्तू लिलावात विकल्या गेल्या. कुठली वस्तू कुणाकडे गेली, ते शोधणं कठीण झालं.

१९७१ मध्ये जहाज पुन्हा सापडलं. या वेळी कामाची सूत्रं मार्गारेट रूल या पुरातत्त्व अभ्यासक बाईंकडे होती. दुसऱ्यांच्या सांगण्यावर विसंबायचं नाही, म्हणून त्या चाळिशीत पाण्याखाली उतरायला शिकल्या. शेकडो स्वयंसेवक त्यांच्या हाताखाली राबले. वस्तू उचलण्याआधी ती कुठे आणि कशाशेजारी होती, हे लिहून ठेवायचं, अशी शिस्त होती. एका खोलीत मलमाच्या बरण्या आणि हत्यारांची पेटी मिळाली, म्हणून ती वैद्याची खोली हे कळलं. उवा काढायच्या फण्या मिळाल्या. खलाशांनी आपापली खूण कोरलेले लाकडी वाडगेही मिळाले.

११ ऑक्टोबर १९८२ रोजी जहाज वर उचललं, आणि जपण्याचं खरं काम सुरू झालं. पाणी मुरलेलं लाकूड एकदम वाळलं तर आकसतं, तडकतं. म्हणून आधी थंड पाण्याचा आणि पुढे मेणासारख्या रसायनाचा फवारा त्यावर चालू ठेवला. तो थांबला २०१३ मध्ये! आज १९ हजारांहून जास्त वस्तू पोर्ट्समथमध्ये एकत्र जपल्या आहेत.

राजाचं नाव कागदोपत्री राहिलंच असतं. वाडग्यावर खूण कोरणाऱ्या खलाशाची आठवण मात्र त्या वाडग्यामुळेच उरली. आपल्याकडेही आजीचा पितळी डबा, जुनं जातं, पाटा मोडीत किंवा उकिरड्यावर जातो. तो देण्याआधी कुणाचा, कुठून आला, कशासाठी वापरला, एवढं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा. हिशेब लिहायची सवय तर आपल्याला आहेच.